किती इंची ते नंतर, आधी सांगा कुठून बघणार

पंचवटीत दिंडोरी रोडला माझं फ्लेक्स आणि लग्नपत्रिकांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाईक दारातून आत येतं तेच माप घेऊन: "ताई, दहा बाय वीसचा करायचाय." मी विचारते, "लावणार कुठे?" हा प्रश्न बहुतेकांना आगाऊ वाटतो. ही बाई महापालिकेची परवानगी विचारतेय की काय, अशी शंका चेहऱ्यावर उमटते. मला परवानगीचं काही विचारायचं नसतं (ती विचारत बसले असते तर निम्मे वाढदिवस शुभेच्छांविना गेले असते). मला फक्त कळायला हवं असतं की बघणारा माणूस फलकापासून किती लांब असेल. द्वारकेच्या चौकात उंचावर लावणार असाल तर व्हॉट्सॲपवर फिरून फिरून मलूल झालेला फोटोही खपून जातो. तोच फोटो मंगल कार्यालयाच्या दारात, पाहुणे शेजारी उभे राहून सेल्फी काढतात तिथे लावला, तर नवरदेवाच्या मिशीचे चौकोन मोजता येतात आणि दुसऱ्या दिवशी फोन मला येतो. आमच्याकडे याला फोटो फाटणं म्हणतात. फोटो तोच, फाइल तीच, शाई तीच. बदलतं ते फक्त पायाखालचं अंतर.

हे सांगायचं कारण फ्लेक्स नाही, टीव्ही आहे. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, इंदिरानगरला राहतो. शिकवण्या घेऊन साठवलेल्या पैशांत त्याने प्लेस्टेशन ५ घेतलं. घरात ४३ इंची फुल एचडी टीव्ही चांगला चालू आहे. पण आता त्याला ६५ इंची फोर-के हवा, हप्त्यांवर. त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचं म्हणणं, भिंत तेवढीच, हॉल तेवढाच, मग टीव्हीच का वाढवायचा? दोघांचं जमेना तेव्हा मला बोलावलं. "मावशी, तुला पिक्सलमधलं कळतं, तूच सांग आईला." मी येताना दुकानातला टेप घेऊन आले. टीव्हीच्या काचेपासून सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंतचं अंतर भरलं आठ फूट. हा एक आकडा हातात आल्याशिवाय ४३, ६५, फुल एचडी, फोर-के या कशालाच अर्थ नाही, आणि टीव्हीच्या दुकानात तो कोणी विचारत नाही.

डोळ्याला केवढं बारीक दिसतं याचं माप जुनं आहे. नेदरलँड्समधले डोळ्यांचे डॉक्टर हर्मान स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तो अक्षरांचा तक्ता केला, जो आजही चष्म्याच्या दुकानात भिंतीवर असतो. सहा मीटरवरून ठरलेली ओळ वाचता आली की नजर ६/६. त्या ओळीतलं अक्षर पावणेनऊ मिलिमीटर उंच असतं आणि त्याची एकेक रेघ पावणेदोन मिलिमीटर जाड. सहा मीटरवरून ही रेघ डोळ्याशी जो कोन करते तो एका अंशाचा साठावा भाग असतो. पंचांगवाले त्याला कला म्हणतात. म्हणजे साधारण निरोगी नजरेला एका कलेइतका बारीक तपशील वेगळा दिसतो, त्याहून बारीक असेल ते शेजारच्यात मिसळून जातं. एक मीटरवर एक कला म्हणजे ०.२९ मिलिमीटर. अंतर दुप्पट केलं की दुप्पट जाडीचा ठिपकाही डोळा मिसळून टाकतो.

एवढ्यावर माझा सगळा धंदा उभा आहे. लग्नपत्रिका माणूस हातात धरून, फूटभरावरून वाचतो. तिथे एक कला म्हणजे ०.०९ मिलिमीटर, एका इंचात असे २९० च्या आसपास ठिपके बसतात. छपाईत जो ३०० डीपीआयचा नियम सगळे घोकतात तो इथून येतो. आता होर्डिंग घ्या. तीस फुटांवरून एक कला म्हणजे २.६ मिलिमीटरपेक्षा जास्त, म्हणजे इंचाला जेमतेम दहा ठिपके पुरतात. दहा बाय वीस फुटांच्या फलकाला या हिशेबाने १२०० बाय २४०० पिक्सल झाले, २९ लाखांहून कमी. आजच्या साध्या मोबाइलचा कॅमेरा याच्या चौपट पिक्सल टिपतो. प्रत्यक्षात आम्ही याहून बरेच जास्त ठेवतो, कारण शुभेच्छुकांच्या यादीतला प्रत्येक जण खाली येऊन, मान वर करून स्वतःचा फोटो शोधतोच.

तर मग टीव्ही. ४३ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ९५ सेंटिमीटर. फुल एचडी म्हणजे आडवे १९२० पिक्सल. भागून टाका: एक पिक्सल अर्ध्या मिलिमीटरचा. साडेपाच फुटांच्या पलीकडे गेलात की ६/६ नजरेला तो सुटा दिसत नाही. ५५ इंचीला ही सीमा सात फुटांच्या थोडी पुढे, ६५ इंचीला साडेआठ फूट. फोर-केमध्ये आडवे ३८४० पिक्सल, त्यामुळे सगळी अंतरं निम्म्यावर: ४३ इंचीला पावणेतीन फूट, ६५ इंचीला सव्वाचार. पाठ करायचं तर एवढंच करा: टीव्हीच्या कर्णाच्या दीडपट अंतरापलीकडे फुल एचडीचे पिक्सल विरतात, पाऊणपट अंतरापलीकडे फोर-केचे.

आता ताईचा हॉल. आठ फुटांवरून ४३ इंची फुल एचडीचे पिक्सल दिसतच नाहीत. तेवढ्याच मापाचा फोर-के आणला तर चौपट पिक्सलचे पैसे मोजून डोळ्यापर्यंत फारसं काही पोचणार नाही. ६५ इंची आणला तर फोर-के किंचित कामाला येईल, कारण त्या मापाला फुल एचडीची सीमा साडेआठ फुटांवर आहे आणि आपण आठवर बसलोय. पण भाच्याला जे "भारी" वाटणार ते चित्र मोठं झाल्यामुळे. बारीक झाल्यामुळे नव्हे. या दोन गोष्टी दुकानात एकाच वाक्यात विकल्या जातात.

भाचा हुशार आहे. म्हणाला, "मावशी, ६/६ म्हणजे काही माणसाची हद्द नाही." खरं आहे. तो तक्ता चष्मा लावायचा की नाही हे ठरवायला केलेला आहे, पडदे मोजायला नाही. केंब्रिज विद्यापीठ आणि मेटा कंपनीच्या संशोधकांनी २०२५ मध्ये नेमकं हेच मोजून प्रसिद्ध केलं. समोरच्या करड्या रेघा माणसाला सरासरी एका अंशात ९४ पिक्सलपर्यंत ओळखू येतात असं त्यांना आढळलं; तक्त्याच्या हिशेबाने ते ६० व्हायला हवे होते. लाल-हिरव्या नक्षीला ही हद्द ८९, पिवळ्या-जांभळ्याला फक्त ५३. म्हणजे मी वर दिलेली अंतरं दीडपटीने वाढवून घ्यावी लागतील. तसं केलं की ४३ इंची फुल एचडीची सीमा पावणेनऊ फुटांच्या आसपास जाते आणि आठ फुटांवरचा सोफा अगदी काठावर येतो. पण हे प्रयोगशाळेतल्या स्थिर, ठळक रेघांचं आहे, डोकं स्थिर ठेवून बघितलेलं. तुमच्या गेममध्ये समोरून ट्रक येत असतो.

मग मी त्याला दुसरा हिशेब करून दाखवला आणि त्याचाच चेहरा बदलला. पडदा डोळ्यापुढे किती पसरतो, हे इंचात सांगता येत नाही, ते कोनात मोजावं लागतं. आठ फुटांवरचा ४३ इंची टीव्ही नजरेचा २२ अंशांचा तुकडा व्यापतो. त्याच्या हातातला ६.७ इंची मोबाइल, आडवा, फूटभरावर धरलेला: २९ अंश. म्हणजे रात्री पांघरुणात पडून तो जे बीजीएमआय खेळतो, ते हॉलमधल्या टीव्हीपेक्षा रुंद दिसतं. आणि हप्त्यांवरचा तो ६५ इंची? आठ फुटांवरून ३३ अंश. मोबाइलपेक्षा चार अंश जास्त. लाखभर पिक्सल इकडेतिकडे करण्यापेक्षा हे चार अंश ऐकून माझी बहीण जास्त खूश झाली.

याच कोनात अभ्यासाच्या टेबलावरचा मॉनिटर बघा. २७ इंची मॉनिटर डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर ठेवला तर तो ४६ अंश व्यापतो. सोफ्यावरून एवढंच मोठं चित्र हवं असेल तर भिंतीवर ९४ इंची टीव्ही लावावा लागेल. तो आणायचा झाला तर शोकेस, देवघर आणि बहुधा एक खिडकी काढावी लागेल. घरगुती सिनेमा बसवणारे साधारण ३० ते ४० अंशांचा पडदा चांगला मानतात; आपल्या फ्लॅटमधले बहुतेक टीव्ही त्याच्या खूप खाली असतात, कारण आपण सोफा नेहमी समोरच्या भिंतीला चिकटवतो. मध्ये येण्याजाण्याची वाट हवी, पाहुण्यांना बसायला जागा हवी. टीव्ही-गेमचं चित्र आपल्याकडे सोफ्याच्या जागेवरून ठरतं, आणि सोफ्याची जागा घरातल्या बाया ठरवतात. हे कोणत्याही कंपनीच्या खोक्यावर छापलेलं नसतं.

मॉनिटर जवळ आला की मात्र पिक्सलचा हिशेब पुन्हा जागा होतो. २७ इंचांवर फुल एचडी घेतलं तर पिक्सल ०.३१ मिलिमीटरचा, ७० सेंटिमीटरवरून ०.२ मिलिमीटरही दिसतो, त्यामुळे अक्षरांच्या कडा खरखरीत वाटणार. २५६० बाय १४४० घेतलं तर पिक्सल ०.२३, म्हणजे तक्त्याच्या सीमेपाशी. फोर-के घेतलं तर ०.१६, सीमेच्या आत. हॉलमध्ये वाया जाणारं फोर-के टेबलावर उपयोगी पडतं. मोबाइलचा प्रश्न तर कधीच मिटलाय. २०१० मध्ये ॲपलने आयफोन ४ आणला तेव्हा इंचाला ३२६ पिक्सल देऊन स्टीव्ह जॉब्सने सांगितलं होतं की हातात धरायच्या अंतरावर ३०० च्या पुढे डोळ्याला पिक्सल दिसत नाहीत. पत्रिकेचाच आकडा. आता मध्यम किमतीचे फोनही ३९० च्या पुढे असतात.

इथवर मी जे सांगितलं ते फोटोलाही लागू आणि सिनेमालाही. गेमचं दुखणं वेगळं आहे, आणि ते समजलं की भाच्याची तक्रार निम्मी खरी ठरते. मल्टिप्लेक्समधले कितीतरी प्रोजेक्टर आजही टू-के आहेत: आडवे २०४८ पिक्सल, घरच्या फुल एचडीपेक्षा जेमतेम जास्त. चाळीस फुटी पडद्यावर एकेक पिक्सल सहा मिलिमीटरचा होतो. मधल्या रांगेत बसून सिनेमा फाटला अशी तक्रार कोणी करत नाही. पण त्याच फुल एचडीत गेम चालवा आणि विजेच्या तारांकडे बघा. तारेला पायऱ्या पडलेल्या दिसतील, आणि तुम्ही चालायला लागलात की त्या पायऱ्या मुंग्यांसारख्या सरकतील.

कारण असं. कॅमेऱ्याच्या एका पिक्सलवर त्याच्या सगळ्या क्षेत्रफळाचा प्रकाश जमा होतो. अर्ध्यात तार आणि अर्ध्यात आकाश आलं तर तो पिक्सल आपोआप मधल्या रंगाचा होतो. गेममध्ये प्रकाश नसतोच, गणित असतं. संगणक प्रत्येक पिक्सलच्या मध्यबिंदूपाशी थांबून विचारतो: इथे काय आहे, तार की आकाश? अर्धी तार हे उत्तर त्याला माहीत नाही. म्हणून कडा कापल्यासारख्या होतात. आणि आपला डोळा इथे फार खडूस आहे. दोन ठिपके वेगळे दिसायला एक कला लागते. पण सरळ रेघ मध्येच जराशी सरकलीय का, हे त्याच डोळ्याला कलेच्या सहाव्या भागाहूनही कमी फरकात कळतं. कडा जुळवताना आमच्या कारागिराला केसाएवढा फरक लांबून दिसतो तो याच ताकदीवर. त्यामुळे पिक्सल दिसत नाहीत अशा अंतरावरूनही गेममधल्या पायऱ्या दिसू शकतात.

यावर गेमवाले बरेच उपाय करतात. एका पिक्सलसाठी एकाऐवजी अनेक बिंदूंवर तोच प्रश्न विचारून सरासरी काढायची, हा जुना आणि महागडा उपाय. हल्ली आधीच्या काही चित्रांतून माहिती उसनी घेऊन कडा मऊ करतात. त्यात कधीकधी धावणाऱ्या माणसामागे पुसट शेपूट राहते, गवत गिचमिड होतं. आणि तिसरा उपाय, जो ताईच्या हॉलला लागू पडतो: चित्र आतल्या आत मोठ्या रिझोल्यूशनमध्ये तयार करायचं आणि टीव्हीला पाठवताना लहान करायचं. प्लेस्टेशन ५ फुल एचडी टीव्हीला जोडलं तरी जे गेम आत जास्त पिक्सलमध्ये बनतात ते असे आक्रसून येतात, आणि कडा पुष्कळ सुधारतात. म्हणजे मशीनची ताकद जुन्या टीव्हीवर वाया जाते, हे भाच्याने मित्रांकडून ऐकलेलं वाक्य पूर्ण खरं नव्हतं.

पूर्वी हे पायऱ्यांचं प्रकरण कोणाच्या डोक्यातही नव्हतं. नव्वदच्या दशकात आमच्या गल्लीच्या टोकाला व्हिडिओ गेमचं पार्लर होतं. मुलींनी तिथे जायचं नाही असा घरचा दंडक. पण भावाला जेवायला बोलवायला मलाच पाठवायचे, त्यामुळे दारात उभं राहून मी बरंच पाहिलंय. रुपयाचं नाणं टाकून पोरं ज्याला "मुस्तफा" म्हणायची तो कॅपकॉम कंपनीचा १९९३ चा कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स. त्याचं चित्र होतं ३८४ बाय २२४ पिक्सलचं. आजच्या फुल एचडीच्या चोविसाव्या भागाहूनही कमी! वीसएक इंची पडदा, पोरं दीड फुटावर नाक लावून उभी. एकेक पिक्सल मिलिमीटरभर रुंद, म्हणजे डोळ्याच्या सीमेच्या कित्येक पट मोठा. तरी कोणाला चौकोन दिसले नाहीत.

त्याचं श्रेय पिक्चर ट्यूबला. ट्यूबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत काचेमागच्या लेपावर फिरतो. झोताचा ठिपका मध्ये उजळ आणि कडेला विरत जाणारा असतो, शेजारच्या ठिपक्यात तो थोडा मिसळतो, दोन ओळींमध्ये अंधाराची बारीक फट राहते. चित्र काढणारे लोक हे धरूनच काढायचे. दोन रंगांचे पिक्सल आलटूनपालटून ठेवले की ट्यूब त्यांचा तिसरा रंग करून देई. आजचा एलसीडी किंवा ओलेड पडदा असं काही करत नाही. त्याचा प्रत्येक पिक्सल कडक कडांचा चौकोन असतो. म्हणून तोच मुस्तफा आज लॅपटॉपवर लावला तर भाऊ म्हणतो, "तेव्हा किती छान दिसायचं, आता फाटलंय." आठवणीने रंग चढवला असेल असं नाही, तेव्हा ते खरंच बरं दिसायचं. जुने गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आता मुद्दाम ट्यूबसारख्या ओळी आणि धूसरपणा घालायची सोय देतात.

सपाट पडद्याची दुसरी अट म्हणजे त्याची चौकट पक्की असते. फुल एचडी पडद्यावर १२८० बाय ७२०चं चित्र आलं की एक पिक्सल दीड पिक्सलवर बसवावा लागतो. दीड असा चौकोन नसतोच, मग शेजारच्या रंगांची सरमिसळ करून चित्र मऊ होतं. संगणकावर गेम अडखळतो म्हणून पोरं रिझोल्यूशन उतरवतात आणि मग डोळे चोळत बसतात, त्यात हा भाग मोठा असतो.

आणि अडखळण्याचा मुद्दा आलाच आहे तर: पिक्सल फुकट येत नाहीत. फुल एचडीत २०.७ लाख पिक्सल, फोर-केत ८२.९ लाख. सिनेमा फोर-केत बघायला टीव्हीला कष्ट पडत नाहीत, कारण चित्र आधीच तयार असतं. गेममध्ये प्रत्येक पिक्सलचा रंग त्या क्षणी काढायचा असतो, सेकंदाला ३० वेळा किंवा ६० वेळा. म्हणून बहुतेक मोठ्या गेममध्ये दोन पर्याय देतात, एकात पिक्सल जास्त आणि सेकंदाला ३० चित्रं, दुसऱ्यात पिक्सल कमी आणि ६० चित्रं. पहिल्याचं नाव क्वालिटी ठेवलेलं असतं, त्यामुळे लोक तेच निवडतात, नावाला भुलून. आठ फुटांवरून ४३ इंचांवर ते जास्तीचे पिक्सल दिसणार नाहीत, ६० चित्रांचा गुळगुळीतपणा मात्र चष्म्याविनाही कळतो. अलीकडे कमी पिक्सलचं चित्र बनवून ते अंदाजाने वाढवायची तंत्रं आली आहेत, एनव्हिडियाचं डीएलएसएस २०१८ मध्ये, एएमडीचं एफएसआर २०२१ मध्ये. लांब बसणाऱ्यांना यात आणि खऱ्या फोर-केत फरक शोधावा लागतो. जवळ बसणाऱ्यांना, विशेषतः पानांत आणि जाळ्यांत, तो सापडतो.

शिवाय चित्र हललं की रिझोल्यूशनचे अर्धे दावे गळून पडतात. पडद्यावर एखादी गाडी सेकंदाला ९६० पिक्सल वेगाने जातेय, चित्रं सेकंदाला ६०. प्रत्येक चित्र पडद्यावर पुढचं येईपर्यंत स्थिर राहतं, पण आपला डोळा गाडीचा माग काढत सरकत असतो. त्या एका चित्राच्या मुदतीत डोळा १६ पिक्सल पुढे जातो आणि गाडी तेवढी फरफटलेली दिसते. दुकानातल्या डेमोत म्हणूनच हळूहळू उमलणारी फुलं आणि स्थिर डोंगर असतात. क्रिकेटचा गेम लावून फोर-के विकताना मी तरी कोणाला पाहिलेलं नाही.

माझ्या मते या सगळ्यात सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अक्षरांची आहे, आणि ती मला लगेच दिसते, कारण पोट त्यावर चालतं. गेम बनवणारे टेबलाशी, मॉनिटरसमोर बसून बनवतात; खेळणारा हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतो. २००६ मध्ये कॅपकॉमचा डेड रायझिंग आला तेव्हा त्यातला मजकूर जुन्या ट्यूब टीव्हीवर वाचताच येईना म्हणून ओरड झाली होती. २०१५ च्या द विचर ३ मध्येही अक्षरं बारीक असल्याच्या तक्रारी आल्या आणि कंपनीला नंतर ती मोठी करावी लागली. आठ फुटांवरून ६/६ नजरेला साडेतीन मिलिमीटरचं अक्षर कसंबसं ओळखता येतं. आरामात वाचायला त्याच्या तिप्पट-चौपट हवं, म्हणजे दहा ते चौदा मिलिमीटर. देवनागरीला तर आणखी: वर मात्रा, खाली उकार, मध्ये जोडाक्षर, हे सगळं त्याच उंचीत बसवायचं असतं. "शुभेच्छुक" हा शब्द इंग्रजी अक्षरांच्या मापाने छापून बघा, लांबून काळा डाग दिसतो. सेटिंगमध्ये उपशीर्षकं मोठी करायची सोय असेल तर टीव्ही बदलण्याआधी ती वापरावी.

मी टीव्हीच्या मेनूत शिरून आणखी काही गोष्टी केल्या. शार्पनेस वर चढवलेला होता. त्याने तपशील वाढत नाही, प्रत्येक कडेभोवती पांढरी किनार येते, म्हणून खाली आणला. चित्र कडेने थोडं कापून ताणण्याची ट्यूबच्या काळातली सवय या टीव्हीत अजून चालू होती, ती बंद केली, तेव्हा कुठे १९२० पिक्सल १९२० जागांवर बसले. गेम मोड लावला. भाचा थोडा वेळ गप्प राहून म्हणाला, "हा आपलाच टीव्ही आहे?"

शेवटी ठरलं ते असं. हॉलमधला टीव्ही तिथेच राहिला. भाच्याने ६५ इंचीच्या किमतीच्या बऱ्याच खाली २७ इंची, १४४०चा मॉनिटर घेतला आणि टेबलावर ठेवला. प्लेस्टेशन ५ ला २०२२ च्या अपडेटपासून हे रिझोल्यूशन थेट देता येतं. मित्र आले की मात्र सगळे हॉलमध्ये जमतात, सोफा रिकामा ठेवतात आणि सतरंजी टीव्हीपासून पाच फुटांवर पसरून क्रिकेट खेळतात. पाच फुटांवर त्या टीव्हीचे पिक्सल तक्त्याच्या हिशेबानेही सीमेबाहेर येतात. पोरांना त्याचं काही नाही, आरडाओरडा तेवढाच.

ताईची बाजू राहिली. गेम खोलीत गेल्यावर संध्याकाळचा टीव्ही तिच्या मालिकांना मोकळा झाला, आणि काही दिवसांनी तीच म्हणाली की चित्र पुसट वाटतंय, आता खरंच मोठा टीव्ही घ्यायचा का. मी तिला कॅलेंडरवरची तारीख सोफ्यावरून वाचायला लावली. जमेना. डोळे तपासले तर चष्म्याशिवाय नजर ६/१२ निघाली. अशा नजरेला एकाऐवजी दोन कला लागतात. आठ फुटांवरून ४३ इंचांवर तिला आडवे ६७० पिक्सल असले काय आणि ३८४० असले काय, चित्र सारखंच दिसणार. मेन रोडला जाऊन तिने फ्रेम निवडली, जाड काळी, जी तिला अजिबात शोभत नाही.